रेडिस दर दीड मिनिटाला पडतो आणि पुन्हा उभा राहतो – सिस्टमडीखाली नीट कसा बसवायचा?

कृष्णाकाठ · ३ नोव्हेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. हंगाम सुरू व्हायला आठ दिवस राहिलेत आणि मी एका जागी अडकलोय. कृपया मदत करा.

आमच्या साखर कारखान्यात ऊस घेऊन येणाऱ्या वाहनांची रांग मी संगणकावर आणली आहे. फाटकावर ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आली की तिला नंबर मिळतो. तो केनयार्डातल्या मोठ्या पडद्यावर दिसतो, आणि काट्यावर वजन झालं की रांग पुढे सरकते. पक्की नोंद पोस्टग्रेसमध्ये जाते. चालू रांग, पडद्यावरचे आकडे, कोणत्या काट्यावर कोण आहे हे सगळं रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये) असतं. मशिन उबुंटूची आहे. रेडिस ७ मी स्वतः सोर्सवरून बांधला आणि सिस्टमडीसाठी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिसची फाइल दोन-तीन ठिकाणी वाचून स्वतः लिहिली.

हाताने चालवला तर दिवसभर सुरळीत चालतो. सर्व्हिस म्हणून सुरू केला की साधारण दीड मिनिटाने बंद पडतो आणि लगेच परत उभा राहतो. मधल्या काळात पिंग केलं तर पाँग येतं, डेटाही जागेवर असतो. पण दर दीड मिनिटाला काट्यावरच्या क्लार्कच्या पडद्यावर ‘कनेक्शन तुटले’ असं येतं. रेडिसच्या लॉगमध्ये फक्त एवढंच दिसतं की सिगटर्म (थांबण्याचा सिग्नल) मिळाला, म्हणून बंद होतोय. कोण पाठवतंय हा सिगटर्म?

सर्व्हिस फाइलमध्ये टाइप नोटिफाय आहे, रीस्टार्ट ऑल्वेज आहे. कॉन्फिगमध्ये डीमनाइझ नो (स्वतःहून पार्श्वभूमीत जाऊ नको).

---

ठाणे_लोकल · ३ नोव्हेंबर, रात्री ११:५८

मेमरी कमी पडत असेल. ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) बघा.

---

जुनाटर्मिनल · ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

ठाणे_लोकल, ओओएम किलर सिगकिल (जागच्या जागी मारणारा सिग्नल) देतो. त्यात रेडिसला लॉगमध्ये एक अक्षरही लिहायला सवड मिळत नाही. इथे सिगटर्म आला आणि रेडिसने तो नोंदवला, म्हणजे कोणीतरी रीतसर ‘थांब’ म्हणून सांगितलंय.

कृष्णाकाठ, तो सांगणारा सिस्टमडीच आहे. तुमचा ‘दीड मिनिट’ हा आकडाच सगळं सांगून जातो. सर्व्हिस सुरू व्हायला सिस्टमडी मुळात ९० सेकंद वाट बघतो. टाइप नोटिफाय लिहिलं याचा अर्थ तुम्ही सिस्टमडीला कबूल केलंत की ‘हा प्रोग्राम तयार झाला की स्वतः तुला निरोप देईल’. तुमच्या रेडिसला मात्र असा निरोप द्यायचा असतो हे कोणी सांगितलेलंच नाही. तो आपला उघडून बसतो, पाँग देतो, काम करतो. सिस्टमडी दाराशी ९० सेकंद थांबतो, निरोप येत नाही, मग सुरुवात फसली असं मानून त्याला बंद करतो. रीस्टार्ट ऑल्वेज असल्यामुळे लगेच परत उठवतो. चक्र चालू.

खात्री करायची असेल तर रेडिस चालू असताना सिस्टमसीटीएल स्टेटस बघा. ‘ॲक्टिव्ह रनिंग’ ऐवजी ‘ॲक्टिव्हेटिंग स्टार्ट’ दिसेल. जर्नलसीटीएलमध्ये ‘स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट’ अशी ओळही असेल. रेडिसचा स्वतःचा लॉग आणि सिस्टमडीचं जर्नल, दोन्ही शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. एकट्या रेडिसच्या लॉगमध्ये हे कधीच कळत नाही.

उपाय: रेडिसच्या कॉन्फिगमध्ये ‘सुपरवाइज्ड सिस्टमडी’ ही ओळ टाका. डीमनाइझ नो आहे ते तसंच राहू द्या.

---

कृष्णाकाठ · ४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

अगदी हेच दिसलं! ‘ॲक्टिव्हेटिंग’ असंच होतं आणि मी इतके दिवस ती ओळ नुसती हिरवी-पिवळी म्हणून बघत होतो. मनापासून धन्यवाद.

सुपरवाइज्ड सिस्टमडी टाकलं. आता लॉगमध्ये नवीन इशारा येतो की सिस्टमडीची देखरेख मागितली आहे, पण रेडिस लिबसिस्टमडीशिवाय बांधलेला आहे. आणि दीड मिनिटाचं चक्र तसंच.

---

जुनाटर्मिनल · ४ नोव्हेंबर, दुपारी २:०५

सोर्सवरून बांधलात ना, तिथेच राहिलं. रेडिस ६ पासून हा निरोप लिबसिस्टमडी या लायब्ररीतून जातो. बांधताना तिचं डेव्ह पॅकेज मशिनवर नसेल तर ती सोय वगळूनच बायनरी तयार होते, आणि मेक काही तक्रारही करत नाही. लिबसिस्टमडी-डेव्ह बसवा, आधी मेक डिस्टक्लीन करा, मग ‘यूज सिस्टमडी बरोबर यस’ देऊन पुन्हा बांधा.

---

माडाची_सावली · ४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

किंवा एवढं सगळं करूच नका, टाइप सिंपल लिहा आणि मोकळे व्हा. म्हापशात आमच्याकडे चार वर्षं तसंच चालू आहे.

---

मेमरीवाली · ४ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

माडाची_सावली, सिंपलने चक्र थांबेल हे खरं. पण नोटिफायचा खरा उपयोग रेडिसला नसून रेडिसवर अवलंबून असलेल्यांना होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

समजा कृष्णाकाठ यांच्या रांगेच्या सर्व्हिसमध्ये ‘आफ्टर रेडिस’ लिहिलंय. टाइप सिंपल असेल तर रेडिसची प्रोसेस जन्मली की सिस्टमडीच्या दृष्टीने रेडिस सुरू झाला. त्या क्षणी तो डिस्कवरून डेटा वाचत असतो, आणि त्या वेळात कोणी काही विचारलं तर ‘लोडिंग’ अशी एरर परत येते. रांगेची सर्व्हिस तिथेच आपटते. नोटिफाय असेल तर डेटा पूर्ण वाचून झाल्यावरच रेडिस ‘मी तयार’ असं कळवतो आणि मगच पुढची सर्व्हिस उठते. डेटा चार-पाच एमबी असेल तर फरक जाणवणार नाही. आमच्याकडे २२ जीबी होता. लोड व्हायला चार मिनिटं लागायची.

आणि त्या चार मिनिटांनी आम्हाला दुसरा धडा दिला. नोटिफाय बरोबर होतं, सुपरवाइज्ड बरोबर होतं, तरीही ९० सेकंदांत निरोप जाणं शक्यच नव्हतं, कारण डेटाच वाचून झालेला नसायचा. परत तेच चक्र. म्हणून ‘टाइमआउट स्टार्ट सेक’ इन्फिनिटी करावं. रेडिसच्या सोर्सबरोबर सर्व्हिस फाइलचा नमुना येतो, त्यातही सुरू होण्याची आणि थांबण्याची, दोन्ही मुदती इन्फिनिटीच आहेत.

थांबण्याची मुदत तर जास्त महत्त्वाची. स्नॅपशॉट चालू ठेवले असतील तर सिगटर्म आल्यावर रेडिस शेवटचा आरडीबी (स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या डेटाच्या प्रतीची फाइल) डिस्कवर लिहितो आणि मग निघतो. डेटा मोठा आणि डिस्क मंद असेल, आणि ९० सेकंदांत लिहून झालं नाही, तर सिस्टमडी सिगकिल देतो. अर्धवट लिहिलेली तात्पुरती फाइल वाया जाते आणि आधीच्या स्नॅपशॉटनंतरचं सगळं गेलं. हे आमच्याकडे झालंय. नेहमीचा रीस्टार्ट म्हणून केला होता, दुपारी जेवणाच्या सुट्टीत.

---

माडाची_सावली · ४ नोव्हेंबर, दुपारी ४:४४

हे पटलं. आमचा डेटा छोटा आहे म्हणून कधी दिसलं नाही. आजच बदलतो.

---

रात्रपाळी · ४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मला एक कळत नाही. पॅकेज आहे ना डेबियन-उबुंटूचं? त्यात सर्व्हिस फाइल तयार येते, रेडिस नावाचा वेगळा युजर येतो, कमांडमध्येच सुपरवाइज्ड सिस्टमडी आणि डीमनाइझ नो लिहिलेलं असतं. सोर्सवरून बांधायचा हट्ट कशाला?

---

कृष्णाकाठ · ४ नोव्हेंबर, रात्री १०:५५

रात्रपाळी, हट्ट नव्हता. माझ्या उबुंटूच्या भांडारात ६ होता आणि मला ७ मधल्या काही गोष्टी हव्या होत्या. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. एकटा माणूस सांभाळणार असेल तर पॅकेजच बरं.

पुन्हा बांधला. आता ॲक्टिव्ह रनिंग! स्टेटसमध्ये ‘रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स’ असंही येतं. दोन तास झाले, एकदाही पडला नाही. जुनाटर्मिनल, मेमरीवाली ताई, तुमचे उपकार.

---

जुनाटर्मिनल · ५ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

वा! सोर्सवरून बांधणाऱ्यांसाठी एक आठवण. पूर्वी सोर्सच्या युटिल्स फोल्डरात इन्स्टॉल सर्व्हर नावाची स्क्रिप्ट असायची, ती चार प्रश्न विचारून इनिटची स्क्रिप्ट बनवून द्यायची. आम्ही कित्येक मशिन तिने लावल्या. हल्ली सिस्टमडीच्या मशिनवर ती चालवली तर ती स्वतःच नकार देते, ‘शेजारच्या नमुना फाइल्स बघा’ म्हणते आणि शेवटी सॉरी म्हणते. जुने लेख वाचून कोणी तिच्या वाटेला जाऊ नका.

---

वेताळटेकडी · ५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

धागा छान चाललाय, पण ‘रीस्टार्ट ऑल्वेज’ या ओळीकडे कोणीच बोट दाखवलेलं नाही. माझा या ओळीवर राग आहे आणि त्याला कारण आहे.

मी पुण्यात ज्या कंपनीत होतो तिथे एक प्रायमरी रेडिस आणि दोन रेप्लिका (त्याची नक्कल ठेवणारे रेडिस) होत्या. सेशन ठेवायचे, म्हणून प्रायमरीवर डिस्कवर लिहिणं पूर्ण बंद होतं. आरडीबी नाही, एओएफ (प्रत्येक बदल नोंदणारी फाइल) नाही. वेगासाठी. ‘दोन प्रती आहेत की, गेला तर गेला’ असा हिशेब. एका रात्री प्रायमरी कोसळला. सिस्टमडीने १०० मिलिसेकंदांत त्याला परत उठवलं, कारण रीस्टार्टमधलं मूळ अंतर तेवढंच असतं. तो उठला तो रिकामा, कारण डिस्कवर काहीच नव्हतं. दोन्ही रेप्लिकांनी इमाने इतबारे प्रायमरीची नक्कल केली. प्रायमरी रिकामा, म्हणून त्याही रिकाम्या. तीन प्रती होत्या, तिन्ही एका मिनिटाच्या आत साफ.

सेंटिनेल (प्रायमरी पडला तर रेप्लिकेला त्याच्या जागी बसवणारा पहारेकरी) लावलेला होता. पण प्रायमरी इतक्या चटकन परत आला की सेंटिनेलला तो गेल्याचं कळलंच नाही. रेडिसच्या अधिकृत माहितीत हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे: प्रायमरीवर पर्सिस्टन्स (डिस्कवर लिहिणं) बंद असेल तर आपोआप रीस्टार्ट होऊ देऊ नका. आम्ही वाचलं नव्हतं.

तेव्हा नुसतं ‘पडला तर उठव’ लिहू नका. उठल्यावर त्याच्या हातात काय असणार आहे ते आधी ठरवा.

---

मोरपंखी · ५ नोव्हेंबर, सकाळी ९:५१

बाप रे. अंगावर काटा आला.

---

ठाणे_लोकल · ५ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

मग रीस्टार्ट ठेवायचाच नाही का? रात्री दोनला कोण उठणार? मला हे टोकाचं वाटतं.

---

वेताळटेकडी · ५ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

ठेवा ना. एकच रेडिस असेल आणि एओएफ किंवा आरडीबी चालू असेल तर खुशाल ठेवा. मी ऑल्वेजऐवजी ‘ऑन फेल्युअर’ लिहितो. फरक असा की कोणी रेडिस सीएलआयमधून शटडाउन दिलं तर रेडिस शून्य कोड देऊन नीट निघतो. ऑल्वेज असेल तर सिस्टमडी त्याला परत उठवतो आणि काम करणारा माणूस चक्रावतो. ऑन फेल्युअरमध्ये तो बंदच राहतो. रेप्लिका असतील आणि प्रायमरीवर पर्सिस्टन्स बंद असेल, तरच रीस्टार्ट नको.

---

रात्रपाळी · ५ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

यात भर. रीस्टार्टला मर्यादाही असते. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून पाहिलं की सिस्टमडी हात टेकतो, ‘रिपीटेड टू क्विकली’ लिहून गप्प बसतो. टाइप सिंपल आणि कॉन्फिगमध्ये डीमनाइझ यस अशी जोडी जमली की हमखास हे होतं. रेडिस स्वतःला मागे ढकलतो, मूळ प्रोसेस संपते, सिस्टमडीला वाटतं काम झालं आणि तो उरलेल्या पोरालाही मारतो. चूक दुरुस्त केल्यावरही सुरू होईना तर रीसेट-फेल्ड करा.

---

मोरपंखी · ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

नवशिकीचा प्रश्न आहे, रागावू नका. मी सिस्टमसीटीएल इनेबल रेडिस दिलं तर ‘अलियस नावावर काम करणार नाही’ असं म्हणून नाकारतो. स्टार्ट मात्र होतो.

---

जुनाटर्मिनल · ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४४

रागवायचं काय त्यात. डेबियन-उबुंटूत सर्व्हिसचं खरं नाव रेडिस-सर्व्हर आहे, रेडिस हे टोपणनाव. स्टार्ट-स्टॉपला टोपणनाव चालतं, इनेबलला खरं नाव लागतं. बारशाचं नाव शाळेच्या दाखल्यावर, घरी बाळू.

---

मोरपंखी · ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४७

😀 आता जन्मात विसरणार नाही. झालं, धन्यवाद काका.

---

इसारकाठ · ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

म्युनिकहून. माझे दोन दिवस ज्यात गेले ते लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोग होईल.

डेबियनचं पॅकेज. डेटासाठी नवी डिस्क घेतली, कॉन्फिगमध्ये ‘डीआयआर’ बदलून तिचा पत्ता दिला. फोल्डरची मालकी रेडिस युजरकडे, परवानग्या बरोबर, डिस्क लिहिण्यासाठीच जोडलेली. तरी आरडीबी लिहिताना ‘रीड ओन्ली फाइल सिस्टम’. मी डिस्क पुन्हा जोडली, फाइल सिस्टम तपासली, केबलपर्यंत गेलो. सू करून रेडिस युजर म्हणून हाताने फाइल लिहिली तर लिहिली जात होती!

कारण पॅकेजच्या सर्व्हिस फाइलमध्ये होतं. सिस्टमडी त्या सर्व्हिसला सगळी फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती दाखवतो आणि व्हारमधलं रेडिसचं डेटाचं फोल्डर, लॉगचं फोल्डर अशा मोजक्या जागा लिहायला मोकळ्या ठेवतो. माझी नवी डिस्क त्या यादीत नव्हती. ‘रीड राइट पाथ्स’मध्ये ती जोडली आणि संपलं.

हे बंधन चांगलंच आहे, काढून टाकू नका. पूर्वी पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे राहिलेले रेडिस याच वाटेने फोडले जायचे. बाहेरचा माणूस जोडायचा, ‘कॉन्फिग सेट’ने डेटाचं फोल्डर बदलून कोणाच्या तरी एसएसएच किल्ल्यांच्या फोल्डरावर न्यायचा आणि सेव्ह करायचा. डेटा म्हणून लिहिलेली त्याची किल्ली तिथे जाऊन बसायची. रेडिसचे जनक साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१५ मध्ये स्वतःच हे कसं होतं ते लिहून दाखवलं होतं, आणि त्यानंतर ३.२ मध्ये प्रोटेक्टेड मोड आला. रेडिस रूटने चालवला नाही आणि त्याला लिहायच्या जागा मोजून दिल्या, तर ही वाट सिस्टमडीच्या पातळीवरच बुजते.

फाइलमध्ये थेट बदल मात्र करू नका. सिस्टमसीटीएल एडिट रेडिस-सर्व्हर वापरा. वेगळी ओव्हरराइड फाइल तयार होते, पॅकेज अपडेट झालं तरी ती राहते.

---

कृष्णाकाठ · ५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

माझा रेडिस रूटनेच चालू होता. 🙏 आज वेगळा युजर केला. बाइंड कारखान्याच्या आतल्या पत्त्यावरच आहे, पासवर्डही घातला.

---

तात्यांचा_वाडा · ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

विषयांतर करतो, क्षमस्व. रेडिसचा पोर्ट ६३७९ का, माहीत आहे का कोणाला? जुन्या मोबाइलच्या बटणांवर एमईआरझेड ही अक्षरं दाबली की ६३७९ येतात. इटलीतल्या एका टीव्ही कलाकाराचं ते आडनाव, आणि सानफिलिप्पोंच्या मित्रमंडळात तो एक चालता विनोद होता. २००९ साली लॉग नावाच्या स्वतःच्या छोट्या वेबसाइट-मोजणीच्या सेवेला मायएसक्यूएल पुरेना, म्हणून त्यांनी रेडिस लिहायला घेतला. एका सिसिलियन माणसाच्या गरजेतून निघालेली वस्तू आज कृष्णाकाठी उसाची रांग लावते याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

ठाणे_लोकल · ५ नोव्हेंबर, रात्री १०:४१

विषयांतरच करायचं तर, नव्याने लावणाऱ्यांनी रेडिस लावायचा की व्हॅल्की? २०२४ च्या मार्चमध्ये परवाना बदलला तेव्हा आमच्याकडे मोठी चर्चा झाली होती.

---

रात्रपाळी · ५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

७.४ पासून रेडिसने बीएसडी परवाना सोडला. ७.२.४ वरून लिनक्स फाउंडेशनखाली व्हॅल्की निघाला, तो बीएसडीच राहिला. २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएलचा पर्यायही आला. कारखान्याच्या आत वापरायला कोणताही चालेल. सर्व्हिस म्हणून चालवण्याचं जे सगळं इथे लिहिलंय ते दोघांनाही लागू आहे. व्हॅल्कीतही सुपरवाइज्ड सिस्टमडी तसंच आहे. परवान्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

---

मेमरीवाली · ६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

मूळ मुद्द्याकडे. ठाणे_लोकल यांनी पहिल्याच प्रतिसादात ओओएम म्हटलं होतं. कृष्णाकाठ यांच्या बाबतीत ते नव्हतं, पण विषय सोडून देण्यासारखा नाही.

रेडिस स्नॅपशॉट घेताना फोर्क करतो. पोर प्रोसेस डेटा डिस्कवर लिहिते, बाप प्रोसेस लोकांना उत्तरं देत राहते. मेमरी दोघांची सामाईक असते. बापाने जे पान बदललं त्याचीच नवी प्रत होते. पण लिनक्सला फोर्कच्या क्षणी वाटतं की ही दुप्पट मेमरी मागतेय, आणि तो नाकारू शकतो. आमची ८ जीबीची मशिन, ५ जीबी डेटा. एका सकाळी स्नॅपशॉट फसला, आणि स्नॅपशॉट फसला की रेडिस मुळातल्या सेटिंगप्रमाणे लिहिणंच थांबवतो, ‘मिसकॉन्फ’ एरर देतो. वाचन चालू, लेखन बंद. म्हणून सुरू होताना ‘ओव्हरकमिट मेमरी’चा इशारा येतो तो गंभीरपणे घ्या. सिसकंट्रोलमध्ये तो आकडा १ करा. मशिन रीबूट झाल्यावरही राहील असा, सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरात फाइल ठेवून.

आता सिस्टमडीचा भाग. काही जण सर्व्हिसला ‘मेमरी मॅक्स’ (सिस्टमडीची मेमरीची मर्यादा) लावतात आणि तो आकडा रेडिसच्या मॅक्समेमरीएवढाच (रेडिसच्या स्वतःच्या मर्यादेएवढाच) ठेवतात. असं करू नका. मेमरी मॅक्समध्ये बाप आणि पोर दोघांची मिळून मोजणी होते. स्नॅपशॉट चालू असताना लेखन जास्त असेल तर मर्यादा ओलांडली जाते आणि कोणीतरी मारलं जातं. पोर मेली तर एक स्नॅपशॉट हुकेल, एवढंच नुकसान असायला हवं. पण सिस्टमडीची ओओएम पॉलिसी मुळात ‘स्टॉप’ असते. सर्व्हिसमधली कोणतीही एक प्रोसेस अशी गेली की तो सगळी सर्व्हिस थांबवतो. ती ‘कंटिन्यू’ करा, आणि रेडिसचं ओओएम स्कोअर ॲडजस्ट चालू करा, म्हणजे कर्नल आधी पोरीकडे वळतो. आणि मेमरी मॅक्स लावायचंच तर मॅक्समेमरीच्या वर भरपूर जागा ठेवा. आम्ही जवळजवळ दुप्पट ठेवतो.

---

वेताळटेकडी · ६ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

ओओएम पॉलिसीचं मला माहीत नव्हतं. आजवर तीनदा ‘रिझल्ट ओओएम-किल’ बघितलंय आणि दर वेळी वाटलं की बापच मेला असणार. खूण करून ठेवतोय.

---

मोरपंखी · ६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

कृष्णाकाठ, एवढ्या काळजीत तुमची रांग टिकणार ना? एओएफ चालू केलात का?

---

कृष्णाकाठ · ६ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

आजच करणार आहे. कॉन्फिगमध्ये अपेंड ओन्ली यस लिहून रीस्टार्ट देतो.

---

जुनाटर्मिनल · ६ नोव्हेंबर, सकाळी ९:२७

थांबा! रीस्टार्ट देऊ नका!

एओएफ चालू असेल तर रेडिस सुरू होताना फक्त एओएफ वाचतो, आरडीबीकडे बघत नाही. तुमच्याकडे अजून एओएफ नाहीच, म्हणजे तो रिकामा उठेल. आधी चालत्या रेडिसवर ‘कॉन्फिग सेट अपेंड ओन्ली यस’ द्या. तो आहे त्या डेटावरून एओएफ लिहून काढेल. इन्फो पर्सिस्टन्समध्ये रीराइट पूर्ण झाल्याचं बघा. मग कॉन्फिग फाइल बदला. रीस्टार्ट त्यानंतर.

---

कृष्णाकाठ · ६ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

हात अक्षरशः एंटरवर होता. तुम्ही सांगितलं तसंच केलं. एफसिंक एव्हरीसेक (दर सेकंदाला डिस्कवर पक्कं लिहिणं) ठेवलंय, म्हणजे वीज गेली तर फार तर सेकंदभराचं जाईल, आणि ते पोस्टग्रेसमधून भरून काढता येतं. काका, तुमच्या दोन मिनिटांनी माझी सगळी चाचणीची रांग वाचली. हे हंगामात झालं असतं तर शे-दीडशे गाडीवान रात्रभर थंडीत आपला नंबर कुठे गेला म्हणून उभे राहिले असते. बैलांना घेऊन.

---

कृष्णाकाठ · १४ नोव्हेंबर, पहाटे ३:३५

हंगाम सुरू होऊन तीन दिवस झाले. आज रात्री पाऊण वाजता वीज गेली आणि जनरेटर यायच्या आत यूपीएसने मान टाकली. मशिन बंद. वीज आल्यावर मशिन उठली, पण रेडिस उठेचना, म्हणून रांगेची सर्व्हिसही त्याला जोडेना.

मी युनिक्स सॉकेटने (एकाच मशिनवरच्या प्रोग्रामांना जोडणाऱ्या खास फाइलने) जोडतो आणि तो सॉकेट रनखालच्या रेडिसच्या फोल्डरात असतो. ते फोल्डर मी ५ तारखेला हाताने बनवलं होतं. रन तर मेमरीतच असतं, रीबूटला सगळं पुसलं जातं! फोल्डर नाही, म्हणून सॉकेट नाही, आणि सॉकेट उघडेना म्हणून रेडिसही नाही. हाताने बनवून पंधरा मिनिटांत चालू केलं. तेवढा वेळ फाटकावर चिठ्ठ्या लिहून नंबर दिले. पण हे कायमचं कसं करायचं?

---

रात्रपाळी · १४ नोव्हेंबर, पहाटे ३:४१

जागाच आहे मी. सर्व्हिस फाइलमध्ये ‘रनटाइम डिरेक्टरी बरोबर रेडिस’ ही ओळ टाका. दर वेळी सुरू होताना सिस्टमडीच ते फोल्डर करतो, मालकी सर्व्हिसच्या युजरकडे देतो आणि बंद झालं की काढून टाकतो. मग डेमन-रीलोड.

आणि रांगेच्या सर्व्हिसमध्ये आफ्टरबरोबर ‘वॉन्ट्स’ही आहे ना? आफ्टर फक्त क्रम ठरवतो, कोणाला उठवत नाही.

---

कृष्णाकाठ · १४ नोव्हेंबर, पहाटे ४:२०

दोन्ही केलं. गव्हाण (ऊस टाकायची जागा) थोडा वेळ थांबली होती, तेवढ्यात शिफ्ट इन्चार्जना विचारून मशिन मुद्दाम रीबूट केली. ४० सेकंदांत पडदा परत आला. रांगेत ११२ वाहनं होती, सगळी आपापल्या क्रमाने. काट्यावरच्या क्लार्कने तर विचारलं, बंद केली होती का मशिन?

---

मेमरीवाली · १४ नोव्हेंबर, सकाळी ७:००

किती छान वाटलं वाचून! आता एकदा गर्दी नसताना सिस्टमसीटीएल स्टॉप देऊन थांबायला किती सेकंद लागतात तेही मोजून ठेवा.

---

कृष्णाकाठ · १४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मोजलं ताई, रीबूटच्या आधीच. एक सेकंदही नाही. इन्फिनिटी तरी तशीच ठेवली आहे.